पेन ड्राइव्ह संगणकाला दिसत नाही तेव्हा
लिनक्स प्रणालीवरील दोषशोधनाची सुलभ पद्धत

मुंबईच्या पूर्व उपनगरात, ठाणे खाडीच्या अलीकडे मानखुर्द वसले आहे. हार्बर मार्गाची गाडी येथून निघाली की खाडी ओलांडून थेट वाशीस पोहोचते. या मानखुर्दमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र शालेय विज्ञान व गणित यांच्या अध्यापनासंबंधी संशोधन करते. विज्ञान ऑलिंपियाड स्पर्धांचे राष्ट्रीय केंद्र म्हणूनही शिक्षकवर्गास ते परिचित आहे. याच केंद्रातील ग्नॉलेज प्रयोगशाळेने मुक्त संगणक प्रणालींच्या शैक्षणिक वापरासंबंधी दीर्घकाळ कार्य केले आहे.

या कार्याचा एक भाग ग्रामीण शिक्षकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१५ मध्ये 'क्लिक्स' हा उपक्रम हाती घेतला. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण व मिझोराम या चार राज्यांतील शासकीय माध्यमिक शाळांसाठी तो होता आणि मानखुर्दचे केंद्र त्यात सहभागी होते. इंटरनेट नसलेल्या शाळेतही मुलांना संगणकावर अभ्यास करता यावा, यासाठी शाळेतच एक छोटा सर्व्हर ठेवावयाचा आणि वर्गातील संगणक त्यास जोडावयाचे, अशी त्याची रचना होती. या सर्व्हरवरील 'जीस्टुडिओ' ही प्रणाली मानखुर्दच्या प्रयोगशाळेत घडली. तिचा पाया लिनक्स हा होता. या उपक्रमास युनेस्कोचा २०१७ चा शिक्षणातील माहिती तंत्रज्ञानविषयक पुरस्कारही लाभला.

इंटरनेट नसलेल्या ठिकाणी माहिती आणण्यानेण्याचे साधन कोणते? बहुतेक वेळा बोटाएवढा पेन ड्राइव्ह, हेच त्याचे उत्तर असते. विद्यार्थ्यांचे गुण, हजेरी, ग्रामसभेच्या ठरावांच्या प्रती, लाभार्थींच्या याद्या, पाणीपुरवठा योजनेची अंदाजपत्रके हे सारे याच लहानशा वस्तूतून एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते. आणि नेमक्या निकडीच्या वेळी 'पेन ड्राइव्ह दिसत नाही' अशी तक्रार उद्भवते. मग घाईघाईने तो फॉरमॅट केला जातो किंवा निकामी समजून टाकून दिला जातो. अनेकदा यांपैकी कशाचीच गरज नसते. दोष कोठे आहे हे शोधण्याची एक शिस्तबद्ध पद्धत आहे. ती समजून घेणे शिक्षक, ग्रामसेवक व कार्यालयीन कर्मचारी यांना सहज शक्य आहे.

लिनक्स आणि सार्वजनिक संस्था

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे 'कर्नल', लिहून तो सर्वांसाठी खुला केला. त्याभोवती जगभरातील हजारो कार्यकर्त्यांनी आजची प्रणाली उभारली. ती वापरण्यास परवाना शुल्क लागत नाही. तिची रचना कोणासही पाहता येते व सुधारता येते. यामुळे मर्यादित निधी असलेल्या सार्वजनिक संस्थांना ती सोयीची ठरली. केरळ राज्याने २००१ मध्ये सुरू केलेल्या 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्पातून शाळांमध्ये मुक्त प्रणालीच रुजविली. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांना अनुकूल अशी 'बॉस' ही लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध केली. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे एक्सओ संगणक मुलांच्या हाती देण्यात आले. तेही लिनक्सवर चालणारे होते आणि प्रत्येकास पेन ड्राइव्हसाठी तीन पोर्ट होते. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकविण्याची सोय केली आहे.

पेन ड्राइव्हची जोडणी ज्या 'यूएसबी' पद्धतीने होते, तिचा पहिला आराखडा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ती विकसित करणाऱ्यांत मूळचे बडोद्याचे अभियंते अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. त्यापूर्वी मुद्रकास एक, माउसला दुसरा आणि कीबोर्डला तिसरा असे निरनिराळे पोर्ट असत. सर्वांसाठी एकच पोर्ट, हा यूएसबीचा उद्देश. पेन ड्राइव्ह २००० च्या सुमारास बाजारात आले आणि पाहता पाहता त्यांनी फ्लॉपीची जागा घेतली.

'दिसत नाही' या शब्दांत पाच निरनिराळे अर्थ

वैद्याकडे गेलेला रुग्ण 'बरे वाटत नाही' एवढेच सांगतो. दोष पोटात आहे की छातीत, हे वैद्यास तपासून ठरवावे लागते. पेन ड्राइव्हचेही तसेच आहे. तो पोर्टमध्ये घातल्यापासून त्यातील फाइल पडद्यावर उघडेपर्यंत पाच टप्पे पार पडतात. पहिला टप्पा विजेचा व संपर्काचा. दुसरा ओळख पटण्याचा. तिसरा योग्य ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी व्यवहार करणारा कर्नलचा भाग, कामास लागण्याचा. चौथा आतील विभाग व फाइल प्रणाली वाचली जाण्याचा. पाचवा ती फाइल प्रणाली संगणकाच्या फोल्डरांच्या वृक्षास जोडली जाण्याचा. या शेवटच्या क्रियेस 'माउंट करणे' असे म्हणतात.

यांपैकी कोणत्याही टप्प्यावर गाडी अडली तरी वापरणाऱ्यास दिसणारा परिणाम एकच असतो, तो म्हणजे पडद्यावर पेन ड्राइव्हचे चित्र उमटत नाही. उपाय मात्र प्रत्येक टप्प्यावर वेगळा आहे. पहिल्या टप्प्यावर कापसाने संपर्कपट्ट्या पुसणे पुरेसे ठरते, तर पाचव्यावर केवळ एक आज्ञा द्यावी लागते. म्हणून प्रथम टप्पा निश्चित करावा आणि मगच उपाय योजावा.

सुदैवाने लिनक्स या बाबतीत मोकळेपणाने बोलते. त्याचे कर्नल स्वतःच्या प्रत्येक अनुभवाची नोंद ठेवते. ही नोंदवही वाचण्याची आज्ञा 'डी-मेसेज' या नावाने ओळखली जाते. टर्मिनल उघडून डी, एम, ई, एस, जी ही पाच लहान रोमन अक्षरे टंकलिखित करावयाची. अलीकडील अनेक प्रणालींत ती वाचण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो. त्यासाठी आज्ञेच्या आधी 'सुडो' (एस, यू, डी, ओ) हा शब्द जोडावा लागतो. आज्ञेपुढे जागा सोडून वजाचिन्ह व लहान डब्ल्यू दिल्यास नोंदी घडतील तशा पडद्यावर उमटत राहतात. हे करून पेन ड्राइव्ह पोर्टमध्ये घालावा आणि कोणत्या नवीन ओळी येतात ते पाहावे. पुढील सर्व निदान या ओळींवर अवलंबून आहे.

पहिला टप्पा : वीज आणि संपर्क

पेन ड्राइव्ह घातल्यावर नोंदवहीत एकही नवीन ओळ आली नाही, तर संगणकास काही जोडले गेल्याची जाणीवच झालेली नाही. दोष भौतिक स्वरूपाचा आहे, असा याचा सर्वसाधारण अर्थ. अशा वेळी प्रणालीत काहीही बदल करू नयेत.

नेहमीच्या यूएसबी जोडणीत चार संपर्कपट्ट्या असतात. बाहेरील दोन विजेच्या, म्हणजे पाच व्होल्टच्या पुरवठ्याच्या, आणि आतील दोन माहितीच्या. बाहेरील पट्ट्या किंचित लांब ठेवलेल्या असतात, त्यामुळे आधी वीज पोहोचते व नंतर माहितीचा मार्ग जुळतो. यावरून एक गोष्ट लक्षात येईल. पेन ड्राइव्हवरील दिवा लागला म्हणजे तो सुस्थितीत आहे असे नव्हे. दिव्यास फक्त वीज पुरते. माहितीच्या पट्ट्यांवर मळ बसला असेल तर दिवा लागूनही संगणक अनभिज्ञच राहतो.

तपासणीचा क्रम साधा आहे. पेन ड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टमध्ये घालावा. संगणकाच्या पुढील बाजूचे पोर्ट आतून एका वेगळ्या तारेने जोडलेले असतात व ती तार सैल होण्याचा संभव असतो, म्हणून मागील बाजूचा पोर्ट वापरून पाहावा. मध्ये लांब तार किंवा अनेक पोर्टांचा हब असल्यास तो दूर करावा. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचा पोर्ट एका उपकरणास ५०० मिलिअँपिअर व तिसऱ्या आवृत्तीचा ९०० मिलिअँपिअर इतका प्रवाह देतो. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवर चार उपकरणे लावल्यास हा प्रवाह अपुरा पडतो. त्यानंतर तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर आणि दुसरा चांगला पेन ड्राइव्ह त्याच पोर्टमध्ये लावून पाहावा. या अदलाबदलीतून दोष पोर्टचा की पेन ड्राइव्हचा, हे दोन मिनिटांत निश्चित होते.

मुंबई, ठाणे, रायगड यांसारख्या खाडीकाठच्या व समुद्रकाठच्या भागांत दमट, खारी हवा धातूच्या पट्ट्यांवर परिणाम करते. पावसाळ्यात तक्रारी वाढण्याचे ते एक कारण होय. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाने पट्ट्या हलकेच पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. पाणी किंवा खरकागद वापरू नये.

दुसरा टप्पा : ओळख पटणे

संपर्क जुळला की संगणक नव्या उपकरणास त्याचा परिचय विचारतो. उपकरण आपल्या उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक व प्रकार सांगते, आणि संगणक त्यास १ ते १२७ पैकी एक पत्ता नेमून देतो. एखाद्या कार्यालयात नवा कर्मचारी रुजू होताना नियुक्तिपत्र दाखवितो व त्यास हजेरीपटावर क्रमांक मिळतो, तसाच हा प्रकार आहे. हे सुरळीत झाल्यास नोंदवहीत नवीन यूएसबी उपकरण सापडल्याची ओळ येते.

ओळख पटली नाही तर 'परिचयपत्रक वाचता आले नाही' या अर्थाची ओळ दिसते व तिच्या शेवटी एक ऋण संख्या असते. उणे ७१ असल्यास संभाषणात गोंधळ झाला, म्हणजे बहुधा संपर्क किंवा तार सदोष आहे. उणे ११० असल्यास ठरावीक वेळेत उत्तरच आले नाही. वीज अपुरी असणे, हब बिघडणे किंवा पेन ड्राइव्हमधील नियंत्रक निकामी होणे, ही त्याची नेहमीची कारणे. विद्युतप्रवाह प्रमाणाबाहेर गेल्याची सूचना आल्यास मात्र पेन ड्राइव्ह तत्काळ काढावा. आत कोठेतरी शॉर्टसर्किट झाले असण्याचा संभव असतो व पुनःपुन्हा प्रयत्न केल्यास पोर्टला इजा पोहोचते.

येथे उपयोगी पडणारी दुसरी आज्ञा म्हणजे 'एलएस-यूएसबी'. एल, एस, यू, एस, बी अशी सलग पाच लहान अक्षरे दिली की संगणकास ओळख पटलेल्या सर्व यूएसबी उपकरणांची यादी मिळते. पेन ड्राइव्ह घालण्यापूर्वी एकदा व घातल्यानंतर एकदा ही यादी पाहावी. दुसऱ्या यादीत एक ओळ अधिक असेल तर पहिले दोन टप्पे पार पडले आहेत, असे निःशंकपणे समजावे.

याच टप्प्यावर एक लहान उपाय बरेचदा लागू पडतो. संगणक पूर्ण बंद करून वीजपुरवठ्याची तार काढावी, अर्धा मिनिट थांबावे व पुन्हा सुरू करावा. पोर्टचे नियंत्रण करणारा भाग अडकून बसला असल्यास तो त्यामुळे मोकळा होतो. केवळ 'रीस्टार्ट' केल्याने तो नेहमीच मोकळा होईल असे नाही, कारण त्या वेळी पोर्टची वीज चालूच राहू शकते.

तिसरा टप्पा : ड्रायव्हर

पेन ड्राइव्ह यादीत आहे, पण साठवणुकीचे साधन म्हणून पुढे येत नाही, अशी अवस्था कधी कधी आढळते. लिनक्समध्ये या कामासाठी 'यूएसबी-स्टोरेज' नावाचा ड्रायव्हर असतो व तो गरज पडताच आपोआप कामास लागतो. बाजारातून वेगळी तबकडी आणून तो बसविण्याची गरज नसते. तो कामास लागला नाही, तर दोन कारणांचा विचार करावा.

पहिले कारण निरुपद्रवी आहे. संगणकाने पार्श्वभूमीवर कर्नलची नवी आवृत्ती बसविली, परंतु संगणक पुन्हा सुरू केला गेला नाही, असे घडते. काही लिनक्स प्रणालींत अशा वेळी जुन्या आवृत्तीचे ड्रायव्हर काढून टाकले जातात. चालू असलेले कर्नल जुने आणि ड्रायव्हर नव्याचे, असा विजोड निर्माण होतो. संगणक पुन्हा सुरू करणे एवढाच त्यावरील उपाय.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पेन ड्राइव्हमधून विषाणू पसरतात व गोपनीय माहिती बाहेर जाते, म्हणून अनेक कार्यालयांत व प्रयोगशाळांत हा ड्रायव्हर जाणूनबुजून बंद ठेवला जातो, किंवा मान्यताप्राप्त उपकरणांनाच प्रवेश दिला जातो. अशा ठिकाणी पेन ड्राइव्ह न दिसणे हा बिघाड नसून सुरक्षाव्यवस्था आहे. कर्मचाऱ्याने स्वतःच्या माहितीच्या बळावर ती हटविणे सर्वथा अयोग्य होय. त्याने संगणक प्रशासकाची लेखी अनुमती घ्यावी. प्रशासकानेही कोणते पोर्ट बंद आहेत याची सूचना संगणकावर चिकटवून ठेवल्यास अनेकांचा वेळ वाचेल.

चौथा टप्पा : विभाग आणि फाइल प्रणाली

ड्रायव्हर कामास लागला की पेन ड्राइव्हला एक नाव मिळते. बहुधा ते 'एसडीबी' किंवा 'एसडीसी' असे असते, आणि त्यातील पहिल्या विभागास 'एसडीबी-१' म्हणतात. ही नावे पाहण्याची आज्ञा 'एलएस-बीएलके' (एल, एस, बी, एल, के) अशी आहे. तिच्यापुढे जागा सोडून वजाचिन्ह व लहान एफ अक्षर दिल्यास प्रत्येक विभागाची फाइल प्रणालीही दिसते.

या यादीतील आकारमान काळजीपूर्वक पाहावे. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह २९ च्या आसपास दिसल्यास शंका घेऊ नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि येथे मोजणी १०२४ च्या पटीत होते, एवढाच तो फरक आहे. परंतु आकारमान शून्य दिसले तर नियंत्रकाचा स्मृतिभागाशी संबंध तुटला आहे, असे समजावे. त्यावर घरगुती उपाय नाही. याउलट, अत्यल्प किमतीत घेतलेला पेन ड्राइव्ह प्रचंड आकारमान दाखवीत असेल तरी तो प्रत्यक्षात तेवढा असेलच असे नाही. खोटे आकारमान सांगणारे बनावट पेन ड्राइव्ह बाजारात मिळतात. त्यांत मर्यादेपलीकडे भरलेली माहिती नाहीशी होते. लिनक्सवरील 'एफ-थ्री' या मुक्त साधनाने नव्या पेन ड्राइव्हची सत्यता वापरापूर्वीच पडताळता येते.

फाइल प्रणाली म्हणजे माहिती कपाटात लावण्याची पद्धत. 'फॅट-३२' ही जुनी पद्धत जवळपास सर्व संगणकांना समजते, मात्र तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. मोठ्या पेन ड्राइव्हवर 'एक्सफॅट' ही पद्धत असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिचा तपशील २०१९ मध्ये खुला केला आणि त्यानंतरच ती लिनक्सच्या कर्नलमध्ये समाविष्ट झाली. 'एनटीएफएस' या पद्धतीसाठी पूर्वी स्वतंत्र साधन लागे. २०२१ मध्ये तिच्यासाठी लिहिण्यावाचण्याची पूर्ण सोय असलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. शाळेतील संगणक याहून जुन्या प्रणालीवर चालत असेल तर पेन ड्राइव्ह निर्दोष असूनही तो उघडत नाही. अशा वेळी योग्य ते जोड-साधन बसवून घ्यावे, किंवा देवाणघेवाणीचे पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचेच ठेवावेत.

काही पेन ड्राइव्ह संकेतशब्दाने कुलूपबंद केलेले असतात. विंडोजच्या 'बिटलॉकर' सुविधेने बंद केलेला पेन ड्राइव्ह लिनक्सच्या यादीत दिसतो, पण आतील मजकूर दिसत नाही. योग्य साधन व संकेतशब्द असल्याशिवाय तो उघडू नये, हाच तर त्या कुलपाचा हेतू असतो.

पाचवा टप्पा : माउंट करणे

नेहमीच्या चित्रमय पडद्यावर ही क्रिया आपोआप होते आणि पेन ड्राइव्ह 'मीडिया' फोल्डरात अवतरतो. परंतु शाळेतील किंवा कार्यालयातील सर्व्हरवर बहुधा चित्रमय पडदा नसतो. तेथे केवळ अक्षरे असतात, आणि पेन ड्राइव्ह आपोआप जोडला जात नाही. मानखुर्दच्या धर्तीवर शाळेत लिनक्स सर्व्हर ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पेन ड्राइव्ह ओळखला गेलेला असतो, नाव मिळालेले असते, दोष काहीच नसतो. फक्त दार उघडणारा कोणी नसतो.

उपाय सोपा आहे. 'एमएनटी' या ठरावीक फोल्डरात एक रिकामे फोल्डर तयार करावे. 'सुडो'सह 'माउंट' ही आज्ञा द्यावी व तिच्यापुढे विभागाचा पूर्ण मार्ग आणि त्या फोल्डराचा मार्ग लिहावा. फोल्डर उघडले की आतील फाइली दिसू लागतात. काम संपल्यावर 'यू-माउंट' ही उलट आज्ञा देणे अगत्याचे आहे. तिचे इंग्रजी हिज्जे करताना आरंभीच्या 'यू'नंतर 'एन' नसतो, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे.

जोडणी होऊनही लिहिता येत नसेल, तर फाइल प्रणालीत पूर्वीचा काही दोष राहिला असावा. पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावरून अवेळी ओढून काढल्यास असे घडते. अधिक नुकसान टळावे म्हणून लिनक्स तो केवळ वाचनासाठी उघडते किंवा उघडण्यास नकार देते. वाचता येत असेल, तर ती संधी समजून प्रथम सर्व माहिती उतरवून घ्यावी.

आधी प्रत, मग उपाय

अशा प्रसंगी संगणक कधी कधी पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्याचा पर्याय पुढे करतो. विशेषतः विंडोजवर हा प्रश्न ठळकपणे विचारला जातो आणि गोंधळलेला मनुष्य होकार देऊन मोकळा होतो. फॉरमॅट म्हणजे जुनी अनुक्रमणिका फाडून नवी कोरी अनुक्रमणिका लावणे. ज्या पेन ड्राइव्हची अनुक्रमणिका थोडीशीच बिघडली होती, त्यातील माहिती परत मिळविणे यामुळे अधिक अवघड होते. नवा पेन ड्राइव्ह काही शे रुपयांत मिळतो. त्यातील गुणपत्रक किंवा लाभार्थींची यादी मात्र पुन्हा तयार करावयाची तर पन्नास घरांचे उंबरे झिजवावे लागतात. एखाद्या विद्यार्थ्याचा गुण किंवा एखाद्या वृद्धेचे यादीतील नाव त्यात कायमचे हरवू शकते.

म्हणून दुसरी प्रत हाताशी नसेल तर पुढील क्रम पाळावा. पेन ड्राइव्हवर काहीही नवीन लिहू नये. 'डीडी-रेस्क्यू' या मुक्त साधनाने त्याची हुबेहूब प्रतिमा संगणकावर घ्यावी. वाचता न येणारे भाग तूर्त बाजूस ठेवून वाचता येणारे भाग आधी वाचविणे, ही त्याची पद्धत आहे. फाइल प्रणाली दुरुस्त करण्याचा प्रयोग मूळ पेन ड्राइव्हवर न करता या प्रतिमेच्या प्रतीवर करावा. हरवलेले विभाग शोधण्यास 'टेस्टडिस्क' व सुट्या फाइली शोधण्यास 'फोटोरेक' ही साधने उपयोगी पडतात. तीही विनामूल्य आहेत. हे करताना उपकरणाचे नाव दोनदा तपासावे. 'एसडीबी'च्या जागी चुकून 'एसडीए' लिहिले गेल्यास संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरील सारी माहिती पुसली जाण्याचा धोका असतो. ज्यास याचा सराव नाही त्याने जाणकाराच्या उपस्थितीतच हे काम करावे.

काढतानाची शिस्त

पेन ड्राइव्ह न दिसण्याची अनेक प्रकरणे आदल्या दिवशीच जन्मास आलेली असतात. लिनक्स वेग वाढविण्यासाठी फाइल प्रथम आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेते व सवडीने पेन ड्राइव्हवर उतरविते. 'प्रत पूर्ण झाली' असे पडद्यावर दिसत असतानाही लेखन आत चालू असू शकते. त्याच क्षणी पेन ड्राइव्ह ओढला तर फाइल अर्धवट राहते आणि अनुक्रमणिका बिघडते. यासाठी 'इजेक्ट' किंवा 'सुरक्षित काढा' हा पर्याय निवडावा व तशी सूचना येईपर्यंत थांबावे. सर्व्हरवर 'सिंक' ही आज्ञा देऊन मग जोडणी सोडावी. मोठी फाइल असल्यास यास काही मिनिटे लागतात. शाळा सुटण्याची घंटा झाली म्हणून ही मिनिटे वाचवू नयेत.

कार्यालयाने करावयाची व्यवस्था

प्रत्येक शाळा, ग्रामपंचायत व कार्यालय यांनी काही साधे नियम घालून घेतल्यास या विषयातील बहुतेक अडचणी उद्भवणारच नाहीत. पेन ड्राइव्ह हे वाहनासारखे आहे. माल नेण्याआणण्यास ते वापरावे, कोठाराचे काम त्याच्याकडे देऊ नये. त्यातील स्मृतिपेशी ठरावीक वेळा लिहिल्यानंतर झिजतात आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास त्यांतील माहिती क्षीण होऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या माहितीची एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या साधनावर आणि शक्य तर तिसरी दुसऱ्या जागी ठेवावी. प्रत्येक पेन ड्राइव्हला क्रमांक देऊन त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी. खाजगी व कार्यालयीन पेन ड्राइव्ह वेगळे ठेवावेत. वाटेत सापडलेला पेन ड्राइव्ह उत्सुकतेपोटी कार्यालयाच्या संगणकास लावू नये. लिनक्सवर विंडोजचे विषाणू सहसा चालत नाहीत, परंतु तेच पेन ड्राइव्ह ते विषाणू पुढील संगणकापर्यंत नेण्याचे काम करू शकतात.

संगणकाजवळ एक छोटा तक्ता लावून ठेवणेही इष्ट ठरेल. त्यावर पाच प्रश्न असावेत. नोंदवहीत नवी ओळ आली का? उपकरणांच्या यादीत नाव वाढले का? त्यास 'एसडीबी'सारखे नाव व योग्य आकारमान मिळाले का? फाइल प्रणाली ओळखली गेली का? ती माउंट झाली का? ज्या प्रश्नाचे उत्तर प्रथम 'नाही' असे येईल, दोष त्याच जागी आहे. दुरुस्तीसाठी जाणकारास दूरध्वनी करतानाही 'दिसत नाही' एवढेच न सांगता 'तिसऱ्या प्रश्नाशी अडले आहे' असे सांगितल्यास त्याचे अर्धे काम होते.

मुक्त प्रणाली स्वीकारण्याचा खरा लाभ केवळ परवाना शुल्काच्या बचतीत नाही. संगणक आत काय करीत आहे, हे तो लपवीत नाही. विचारणाऱ्यास त्याची नोंदवही खुली आहे. ही नोंदवही वाचण्याची सवय शिक्षकास व पंचायतीच्या कर्मचाऱ्यास लागली, तर लहानसहान बिघाडासाठी तालुक्याच्या गावाकडे धाव घेण्याची वेळ येणार नाही. आणि त्या बोटाएवढ्या पेटीतील माहिती, जी गावातील माणसांची आहे, ती कोणाच्या उतावळेपणाने पुसली जाणार नाही.